नेढ्यातली माती



चीनच्या जुन्या नाण्यांवर बोलणार असं मी कळवलं, तेव्हा संयोजकांनी काळजीनं विचारलं की विषय आपल्या लोकांना फार लांबचा नाही ना होणार? लांबचा आहेच. पण माझ्या सरांनी मला जे शिकवलं, ते मला या नाण्यांइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठेच दिसलेलं नाही. त्यांच्या स्मृतीसाठी बोलायचं तर हाच विषय मला योग्य वाटला.

सर धातुशास्त्र शिकवत. नाण्यांचा नाद त्यांना उशिरा लागला, आणि तोही धातूच्या वाटेनं. कुणी नाणं पुढं केलं की इतर जाणकार विचारत, 'कुठल्या राजाचं?' सर विचारत, 'ओतलंय कसं?' मला त्या वेळी तो प्रश्न कोरडा वाटे. त्याची किंमत कळली ती तीसेक वर्षांपूर्वी, मी स्वतः फसलो तेव्हा.

एका जुन्या बाजारात मला एक चिनी नाणं मिळालं होतं. बोटाच्या दोन पेरांएवढं, चपटं, वर चौकोनी डोकं, खाली दोन चौकोनी पाय. लहान मुलाची विजार वाळत घालावी तसं दिसणारं. अंगावर हिरवा थर आणि दोन अक्षरं. विकणाऱ्यानं ती 'आन-यांग' अशी वाचून दाखवली आणि सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचं आहे म्हणून सांगितलं. मी पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिलं, अक्षरं जुळली, मी पैसे मोजले आणि थेट सरांकडे गेलो.

सरांनी अक्षरांकडे पाहिलंच नाही. नाणं आधी सोनाराच्या काट्यावर ठेवलं. नऊ ग्रॅमच्या वर भरलं. या जातीची नाणी साधारण पाच-सहा ग्रॅमची असतात. मग भिंगाखाली कड धरली आणि सावकाश सगळीकडून फिरवली. कानशीनं घासल्याच्या तिरप्या रेघा एकसारख्या उमटलेल्या होत्या, आणि त्या रेघांच्या आतही तोच हिरवा रंग बसलेला होता. शेवटी कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये भिजवून त्यांनी एका पायावर टेकवला. बोळा उचलला तर त्यावर हिरवा डाग आणि नाण्यावर पिवळा ठिपका. सव्वादोन हजार वर्षांचा म्हणून मी घेतलेला गंज रोगणात कालवलेला रंग होता.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "टाकू नकोस. खोटं कसं असतं ते बघायला एक जवळ लागतंच." ते नाणं आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे.

आता मूळ वस्तूकडे येऊ. ही नाणी फावड्याच्या आकाराची का? कारण ती आधी फावडीच होती. चिनी भाषेत आज पैशाला 'छ्येन' म्हणतात. हा शब्द मुळात माती उकरण्याच्या अवजाराचा. चीनच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात, शिजिंगमध्ये, तो शेतीच्या अवजारासाठीच येतो. तिथं त्याच्या जोडीला 'बो' हे दुसरं अवजार आहे. फावडे-नाण्यांना चिनी लोक 'बू' म्हणतात. या शब्दाचा सरळ अर्थ कापड, पण अभ्यासक त्याचा संबंध या 'बो'शी जोडतात. लोखंड सर्रास होण्याआधी काशाचं फावडं ही शेतकऱ्याच्या घरातली मोलाची चीज होती. देवघेवीत ती चाले. पुढं देवघेवीपुरतं पातळ, हलकं, माती उकरायला निरुपयोगी असं फावडं ओतलं जाऊ लागलं. काम गेलं, आकार राहिला.

सुरुवातीच्या या नाण्यांत आकार इतका राहिला की दांडा बसवायचं नेढंही तसंच राहिलं. कुदळीच्या किंवा कुऱ्हाडीच्या ज्या भोकात दांडा ठोकतात त्याला आपल्याकडे नेढं म्हणतात. या नाण्यांना असंच पोकळ, वर निमुळतं होत गेलेलं नेढं असतं. त्यात दांडा कधी बसणार नव्हता, तरी ओतारी ते पोकळच ओतत राहिले. म्हणून यांना पोकळ मुठीची नाणी म्हणतात. ती इसवी सनपूर्व सातव्या-सहाव्या शतकांपासूनची, झोऊ घराण्याच्या उत्तरार्धातली, पिवळ्या नदीच्या मधल्या खोऱ्यातली. काहींचे खांदे सरळ, काहींचे उतरते, काहींचे वर टोकदार उचललेले. पुढं राज्याराज्यांच्या लढायांच्या काळात, म्हणजे इसवी सनपूर्व पाचव्या शतकापासून 221 पर्यंत, नेढं गेलं आणि डोकं चपटं झालं. पाय कुठं कमानदार, कुठं टोकदार, कुठं चौकोनी, कुठं गोल. वेई राज्याच्या आन-यी या राजधानीच्या नाण्यांवर गावाचं नाव आणि 'दोन जिन', 'एक जिन' असं माप लिहिलेलं असतं. झाओ राज्याची टोकदार पायांची, आणि चौकोनी पायांची तर किती गावांची म्हणून सांगावी. 221 मध्ये छिन घराण्यानं सगळा चीन एक केला आणि आपलं चौकोनी भोकाचं गोल नाणं सगळीकडे लागू केलं. फावड्याचा संसार तिथं आटोपला. एकदाच तो पुन्हा मांडला गेला, त्याकडे येईनच.

पण मला थांबायचंय नेढ्यापाशी.

आपल्याकडच्या ओताऱ्याला विचारा, पोकळ वस्तू कशी ओततोस? तो सांगेल, आत मातीचा गाभा धरायचा, बाहेरून मातीचा साचा घालायचा, मधल्या फटीत रस ओतायचा. फावडे-नाणं असंच होई. दोन अंगांचा साचा, मध्ये नेढ्यापुरता मातीचा गाभा. पातळ पत्र्यात गाभा हलू नये म्हणून त्याला आधार द्यावा लागे. नेढ्याच्या अंगावर जे लहानसं भोक दिसतं ते त्या आधाराचं. रस थिजला की साचा फोडायचा, नाणं बाहेर काढायचं. गाभा मात्र आत घट्ट बसलेला. तो पुष्कळदा तसाच राहू दिला जाई, कारण चलनाला त्यानं काही बिघडत नव्हतं. त्यामुळे अडीच हजार वर्षांनंतरही कित्येक नाण्यांच्या नेढ्यात ओताऱ्यानं घातलेली माती तशीच आहे.

या मातीनं केवढं काम केलं ते 2021 साली कळलं. हेनान प्रांतात ग्वानझुआंग नावाचं एक जुनं तटबंदीचं गाव आहे. तिथं झेंगझोऊ विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांना ओतकामाची मोठी जागा सापडली. इसवी सनपूर्व 770 च्या सुमारास ती सुरू झाली, तेव्हा तिथं भांडी, शस्त्रं, अवजारं ओतत. पुढं तिथंच फावडे-नाणी ओतली जाऊ लागली. नाण्यांचे तुकडे दोनच मिळाले, पण मातीचे गाभे आणि साचे कितीतरी, काही वापरलेले आणि काही न वापरलेले. त्याच थरांतल्या सेंद्रिय अवशेषांची कर्बमापनानं तपासणी झाली आणि नाणी ओतण्याचा काळ इसवी सनपूर्व 640 ते 550 च्या दरम्यान ठरला. अशा खात्रीच्या पद्धतीनं काळ ठरवलेली ही जगातली सर्वांत जुनी टांकसाळ. गाभे मोजले तर सगळे ठरावीक मापाचे निघाले. म्हणजे हे घरोघर हौसेनं केलेलं ओतकाम नव्हतं. माप कुणीतरी ठरवून दिलेलं होतं. शान्शी प्रांतात होउमा इथं, जिन राज्याच्या जुन्या राजधानीत, असेच मातीच्या गाभ्यांचे ढीग आधीच निघाले होते. नाण्याचा इतिहास नाण्यापेक्षा त्याच्या टाकाऊ मातीनं जास्त पक्का केला, याचं मला आजही नवल वाटतं.

हे सगळं सरांच्या 'ओतलंय कसं?' या प्रश्नाचं उत्तर आहे. विद्वानांनी हा प्रश्न बाजूला ठेवला तेव्हा काय झालं तेही पाहा. होंग त्सुन या सुंग काळातल्या पंडितानं 1149 मध्ये नाण्यांवरचा ग्रंथ पुरा केला. आज उपलब्ध असलेला चिनी नाण्यांवरचा तो सर्वांत जुना ग्रंथ. त्या काळापासून पुढं कित्येक शतकं फावडे-नाणी पुराणातल्या सम्राटांच्या नावावर घातली जात होती. अक्षरं वळणावळणाची, राज्यागणिक वेगळी. त्यात कुणाला एखाद्या पुराणपुरुषाचं नाव दिसे, आणि नाणं दोन-दोन हजार वर्षं मागं जाई. 19व्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत छू शांगलिंगसारख्या संग्राहकांनी ही नावं गावांची आहेत आणि गावं झोऊ काळाच्या उत्तरार्धातली आहेत असं मांडलं, तेव्हा कुठं ती खाली उतरली. आधीच्या त्या पंडितांची विद्वत्ता मोठी होती. पण त्यांनी आधी वाचलं आणि मग पाहिलं. मीही त्या बाजारात तेच केलं होतं.

आता खरं-खोटं. आपल्याकडे नाणं वाजवून घ्यायची रीत होती. खणखणीत वाजलं तर खरं, बद्द वाजलं तर खोटं. भाषेतही ते मुरलंय. सचोटीच्या माणसाला आपण खणखणीत नाणं म्हणतो. फावडे-नाण्याच्या बाबतीत हे बरोबर उलटं होतं. एवढी शतकं जमिनीत राहिलेल्या काशात गंज कणाकणांच्या मधून आत शिरलेला असतो, त्याला सूक्ष्म भेगा पडलेल्या असतात. ते बद्द वाजतं. खणखणीत वाजलं तर संशय घ्यावा. मात्र कृपा करून कुणी खरं नाणं फरशीवर आपटून पाहू नका. ते बिस्किटासारखं मोडतं. लाकडावर हलकेच टेकवलं तरी कानाला कळतं.

गंजाचं म्हणाल तर तो आपल्या स्वयंपाकघरात सगळ्यांनी पाहिलेला आहे. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की ते कळकतं. तो हिरवा कळंक एका रात्रीत येतो आणि चिंचेनं घासला की जातो. जमिनीतला गंज असा येत नाही. धातूला लागून आधी तांबूस थर बसतो, क्युप्राइटचा. त्यावर हिरवा मॅलाकाइट, आणि कुठं कुठं निळा ॲझुराइट. थर एकमेकांत उगवलेले असतात. सुईच्या टोकानं उचलायला गेलं तर हिरवा कण निघतो आणि खाली लाल दिसतो. बनावट करणारे नवसागर, आम्लं, कधी खताचा खड्डा वापरतात. रंग हिरवा येतो, पण खाली एकदम उघडा धातू. नवसागरानं आणलेला गंज भुकटीसारखा, फिकट हिरवा असतो. इथं एक सावधगिरी हवी. खाऱ्या जमिनीतल्या खऱ्या नाण्यालाही तशीच फिकट भुकटी सुटते. काशाचा तो रोगच आहे. तेव्हा एका खुणेवर निकाल देऊ नये.

धातू काय आहे हेही पाहावं लागतं. काशात तांबं, कथील आणि शिसं. फावडे-नाण्यांत शिसं पुष्कळदा बरंच असतं, कारण ते स्वस्त आणि रस पातळ करणारं. जस्त मात्र नसतं, असलं तर नावाला. यामागचं कारण सर फार रंगून सांगत. जस्त 907 अंशांना उकळतं, आणि खनिजातून ते सुटतं त्याहून जास्त उष्णतेवर. म्हणजे भट्टीत ते जन्मतं तेच वाफ होऊन. ती वाफ धरून थंड करायची युक्ती हवी. राजस्थानात झावरला वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशींतून ती साधली होती, त्या मुशींचे ढिगारे आजही तिथं आहेत. चीनमध्ये नाण्यांसाठी पितळ नेमानं वापरलं जाऊ लागलं ते 16व्या शतकात. तेव्हा फावडे-नाण्यात जस्त भरपूर निघालं की पुढं बोलायचं कारण उरत नाही. माझ्या खणातलं नाणं पितळेचंच आहे.

यावर कुणी म्हणेल, मग क्ष-किरणाच्या यंत्रात घाला की झालं. यंत्र चांगलं आहे, पण ते वरवरचा थर वाचतं. गंजलेल्या काशाच्या पृष्ठभागावर कथील साचलेलं असतं, शिसं तर आधीपासूनच असमान पसरलेलं. आकडे फसवतात. आणि हुशार बनावटवाला मोडकी जुनी नाणी वितळवूनच नवं ओततो. धातू जुना, नाणं नवं. तिथं यंत्र होकार देईल.

म्हणून पुन्हा तिथंच यावं लागतं, ओतलंय कसं? खऱ्या नाण्याचा साचा मूळ आकृतीवरून केलेला. खोट्याचा साचा बहुधा खऱ्या नाण्यावरून दाबून घेतलेला. काशाचा रस थिजून थंड होताना शंभराला एक-दीड या प्रमाणात आकसतो. म्हणून नक्कल मूळ नाण्यापेक्षा लहान, अक्षरांची धार बोथट, आणि वाळूच्या साच्याचे बारीक खळगे अंगभर. मातीचा साचा नाणं काढताना फुटे, तेव्हा दोन खरी नाणी जुळी असणं अवघड. दगडी आणि काशाचे साचेही असत, त्यामुळे अक्षरं जुळली म्हणून लगेच खोटं म्हणू नये. पण पायाचा टवका, पाठीवरचा ओरखडा, जमिनीत पडलेला खड्डा हे सगळं दोन नाण्यांवर हुबेहूब असेल, तर दोघांची आई एकच आहे आणि ती अलीकडची आहे.

सर्वांत अवघड खोटं नाणं म्हणजे निम्मं खरं असलेलं. साधं, खूप मिळणारं नाणं घ्यायचं, त्यावरची अक्षरं खरवडून एखाद्या दुर्मीळ गावाची कोरायची. धातू खरा, वजन खरं, आवाज खरा, पाठीवरचा गंज खरा. तिथं भिंग अक्षराच्या घळीत न्यावं. ओतलेल्या रेषेच्या बुडाशी पृष्ठभाग सलग असतो, गंज खालून वर आलेला असतो. कोरलेल्या रेषेत हत्याराची वाट दिसते, आणि गंज तिच्या काठाशी तुटलेला असतो. दोन मोडक्या नाण्यांचे अर्धे जोडून एक केलेलंही मिळतं. ते वजनात पकडता येत नाही.

आता फावड्याच्या दुसऱ्या जन्माकडे. इसवी सन 9 मध्ये वांग मांग यानं हान घराण्याचं सिंहासन बळकावलं आणि शिन नावाचं स्वतःचं घराणं सुरू केलं. त्याला जुन्या झोऊ काळाची ओढ. दुसरं कारण अक्षरातलं. हान राजांचं आडनाव ल्यू. ते लिहिताना त्यात 'सुरी' हे चिन्ह येतं. म्हणून त्यानं स्वतःच आधी काढलेली सुरीच्या आकाराची नाणी बंद केली. इसवी सन 10 मध्ये सोनं, चांदी, कासव, शिंपले यांच्यासह 28 प्रकारचं चलन काढलं, त्यात दहा फावडी. लोक गोंधळले. 14 मध्ये ते मागं घेऊन 'हुओ-बू' हे नवं फावडं आणलं.

या एका नाण्याचं सगळं माप बान गू याच्या हान-इतिहासात लिहिलेलं आहे. लांबी अडीच त्सुन, रुंदी एक, डोकं किती, भोक किती, पाय किती, पायांमधलं अंतर किती, वजन 25 झू. एक त्सुन म्हणजे आजचे सुमारे 2.3 सेंटिमीटर, लांबी 5.8 सेंटिमीटरच्या आसपास येते, वजन 16 ग्रॅमच्या. मी पहिल्यांदा एक खरं हुओ-बू पट्टीवर ठेवलं आणि त्याचं टोक 58 मिलिमीटरवर आलं, तेव्हा अंगावर शहारा आला. ग्रंथ आणि वस्तू एवढी गाठ क्वचितच पडते. अक्षरंही पाहण्यासारखी. उभ्या रेषा खाली उतरताना बारीक होत सुईच्या टोकासारख्या संपतात. नकलेत हे टोक हमखास बोथट होतं, कारण तेवढ्या फटीत वाळू नीट बसत नाही.

पण याच ग्रंथात एक दुःखाची नोंद आहे. हुओ-बूची किंमत 25 लहान नाण्यांएवढी ठरवली होती, आणि प्रत्येक लहान नाण्याचं वजन पाच झू. म्हणजे पाच लहान नाणी वितळवली की एक हुओ-बू ओतता येई, आणि पाचाचे 25 होत. हे गणित ओतकाम येणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. बेकायदा ओतणं वाढलं. शिक्षा अशी की एकानं ओतलं तर शेजारची मिळून पाच घरं गुलाम व्हायची. पुरुष पिंजऱ्याच्या गाडीतून, बायका-मुलं गळ्यात साखळी अडकवून पायी, राजधानी छांग-आनच्या टांकसाळीकडे नेली जात. बान गू त्यांची मोजदाद लाखांत करतो, आणि दहांतले सहा-सात मेले असं सांगतो. तेव्हा आज एखादं हुओ-बू वजनाला कमी, ओतकामाला कच्चं, पण गंज मात्र आतपर्यंत मुरलेला असं हातात आलं, तर मी ते खोटं म्हणून बाजूला टाकत नाही. ते कुणीतरी जीव धोक्यात घालून रात्री ओतलेलं असू शकतं. खोटं आहे का, यासोबत खोटं कधीचं आहे, हेही विचारायला हवं.

शेवटी परत नेढ्याकडे. रस ओतला जातो तेव्हा आतला गाभा भाजून निघतो. त्या क्षणी मातीतल्या खनिजकणांत साठलेली ऊर्जा निघून जाते, आणि तिथून पुढं ती नव्यानं साठू लागते. प्रयोगशाळेत चिमूटभर माती पुन्हा तापवली की ती ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. प्रकाश मोजून माती शेवटची केव्हा भाजली गेली याचा अंदाज बांधता येतो. जुन्या काशाच्या मूर्ती आणि भांडी यांच्या गाभ्यांवर ही चाचणी केली जाते. नाण्यात तिचा उपयोग होऊ शकेल तो नेढ्यातल्या मातीमुळेच. आणि बाजारात येणारी कितीतरी पोकळ मुठीची नाणी स्वच्छ धुतलेली असतात. नेढं आरपार मोकळं, चकचकीत. घेणाऱ्याला ते नीटनेटकं वाटतं. चीनच्या जमिनीतून निघालेली प्रत्येक प्राचीन वस्तू तिथल्या कायद्यानं सरकारची आहे, तरी ती चोरून खणली जाते. चोरून खणणाऱ्याला ती कुठल्या थरातून निघाली याच्याशी देणंघेणं नसतं. थर गेला तो गेलाच, आणि मग उरलेली चिमूटभर मातीही नळाखाली जाते. याचा मला मनापासून राग येतो.

काही वर्षांपूर्वी परदेशातल्या एका संग्रहालयाच्या अभ्यासिकेत मला असं एक नाणं हाताळायला मिळालं. सरळ खांद्याचं, पाठीवर तीन उभ्या रेषा, नेढ्यात माती भरलेली. माती बाहेरच्या बाजूला करडी, आत काळपट, वीटभट्टीतल्या विटेच्या पोटासारखी. मी ते भिंगाखाली फिरवत होतो, तेव्हा दोन-तीन कण खालच्या पांढऱ्या कागदावर पडले. मी घाबरून हात आवरला. तिथल्या संवर्धक बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी कागदाची घडी केली, कण एका इवल्याशा काचेच्या कुपीत ओतले, कुपीवर नाण्याचाच क्रमांक लिहिला, आणि ती नाण्याशेजारी त्याच खाचेत ठेवून खण बंद केला.